वही मिटल्यावर काय आठवतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी लातूर शहरात राहून, सीईटीत चांगले पर्सेंटाइल आणि आता पुण्यात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि एम-वन (म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं गणित) आणि मेकॅनिक्स हे दोन विषय राहिले. ती लिहिते, "कॉलेज सुटल्यावर रोज पाच-सहा तास अभ्यासिकेत बसते. नोट्स तीन-तीनदा वाचते, महत्त्वाचं हायलायटरनं रंगवते, पुन्हा चांगल्या अक्षरात लिहून काढते. आदल्या दिवशी सगळं येत होतं. पेपर हातात आला आणि काहीच सुचेना. रूममेट दोन रात्री जागून पास झाली. माझं डोकं कमी पडतंय की मराठी माध्यम नडतंय? लेक्चर बंद करून तो वेळही अभ्यासिकेत घालवू का? की क्लास लावू? फी मागायची तर बाबांना निकाल सांगावा लागेल. यंदा सोयाबीनचं काही खरं नाही, त्यात हे कसं सांगू? कधी वाटतं, सगळं सोडून गावी जावं आणि बीएला ॲडमिशन घ्यावी."

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "आदल्या दिवशी सगळं येत होतं." मला विचारावंसं वाटतं, येत होतं हे तुला कशावरून कळलं? कुणी विचारलं होतं का? वही मिटून कोऱ्या कागदावर एखादं गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सोडवून पाहिलं होतंस का? तुझ्या पत्रात वाचणं आहे, रंगवणं आहे, लिहून काढणं आहे. स्वतःला विचारून बघणं कुठेच नाही. नोट्स तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटलं की माणूस समजतो, आपल्याला हे येतं. पेपरात वही समोर नसते. तिथे ओळखून भागत नाही, आठवून लिहावं लागतं.

डोकं कमी आहे हा निष्कर्ष तू दोन विषयांच्या निकालावरून काढलास. मला तो मान्य नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. तू दोन वर्षं लातूरला शिकलीस. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना दिसतात पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली मुलं. तासांचा, शिस्तीचा, घरापासून दूर राहण्याचा गवगवा झाला. पण त्या पद्धतीचा कणा होता चाचण्या. शिकवलेल्या भागावर चाचणी, आठवड्याची चाचणी, मग सराव परीक्षा, आणि त्यानंतर कुठे चुकलं याची चर्चा. तू दोन वर्षं सतत कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होतीस. जे येत नव्हतं ते दोन-चार दिवसांत उघडं पडत होतं. कष्ट तुझेच होते, पण कधी, कशावर आणि किती वेळा तपासायचं हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं. पुण्यात आल्यावर कष्ट तसेच राहिले, तपासणारा मात्र गेला. सेमिस्टरमध्ये एखाद-दुसरी परीक्षा होते, आणि तोवर सहा युनिट साचलेली असतात. लातूरहून पुण्याला येताना तू तास बरोबर आणलेस, चाचण्या मागे राहिल्या.

दुसरी गोष्ट सीईटीची. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, 90 मिनिटं, समोर चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत. त्या परीक्षेसाठी तू तयार केलेलं कौशल्य खरं आहे, पण ते योग्य पर्याय पटकन ओळखण्याचं आहे. आता 70 गुणांचा पेपर अडीच तासांत लिहायचा असतो. एकेका गणिताला पानभर पायऱ्या, मेकॅनिक्समध्ये आधी आकृती, मग समीकरणं. पर्याय समोर नाहीत, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. "काहीच सुचेना" असं तू लिहिलंस, त्यात तुझ्या बुद्धीचा दोष नाही. ज्या प्रकारचं आठवणं पेपर मागतो, त्याचा सराव झालेला नव्हता.

हे फक्त माझं मत नाही. 2006 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना 56. हे वाचलं की रूममेटच्या दोन रात्रींचंही कोडं सुटतं. लगेच दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर रात्रभर वाचलेलं कामी येतं. पण एम-वनवर एम-टू उभं असतं आणि मेकॅनिक्सवर पुढची दोन-तीन वर्षं. तिला पुढच्या सेमिस्टरला किती आठवेल ते तिचं तिलाच कळेल. तू तिच्याशी तुलना करू नकोस, मैत्री मात्र जरूर ठेव. ती मैत्री पुढे लागणार आहे.

आता काय करायचं ते सांगते. पाच-सहा तास बसू नकोस. तीन तास बस, पण पद्धत बदल.

संध्याकाळी अभ्यासिकेत गेल्यावर वही आधी उघडू नकोस. कोरा कागद घे आणि आज एम-वनला काय झालं ते आठवून लिही. सूत्र, व्याख्या, वर्गात सोडवलेलं एक उदाहरण. दहा-पंधरा मिनिटांत अडायला होईल. अडलीस की चांगलं झालं, कारण अभ्यास कशाचा करायचा ते कळलं. आता वही उघड, तेवढाच भाग वाच, पुन्हा मिट आणि पुन्हा लिही. सुरुवातीला हे फार त्रासदायक वाटेल. वाचताना जे सुख वाटतं ते इथे नाही, पान भरत नाही, आपल्याला काहीच येत नाही असं वाटत राहतं. पहिले पंधरा दिवस तसंच वाटेल, आणि नेमक्या त्याच दिवसांत बहुतेक मुलं जुन्या पद्धतीकडे परत जातात. तू जाऊ नकोस.

मग तोच भाग तीन-चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगानं विसरलं जातं, आणि उजळणी एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर पसरली तर कमी कष्टांत जास्त टिकतं. रविवारी दोन तास स्वतःची परीक्षा घे. मागच्या वर्षांचे पेपर कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात, सीनियरकडे असतात. झालेल्या युनिटवरचे प्रश्न त्यांतून निवड, घड्याळ लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि पेपरासारखं लिही. पेपर परीक्षा जवळ आल्यावर बघायचे असतात ही समजूत मुलांचं फार नुकसान करते. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागल्यावर पहिल्यांदा पेपर उघडला तर चुका सुधारायला वेळच उरत नाही.

गणितासाठी आणखी एक. आपण एका प्रकारची दहा गणितं एका बैठकीत सोडवतो. तिसऱ्या गणितापासून हात आपोआप चालतो आणि वाटतं, जमलं. पण त्या दहा गणितांत पद्धत कोणती वापरायची हे शीर्षकानंच सांगितलेलं असतं. पेपरात शीर्षक नसतं. आंशिक विकलनाच्या प्रश्नात ऑयलरचं प्रमेय लावायचं की चेन रूल, हे फलन एकविध म्हणजे होमोजीनियस आहे का ते बघून तुलाच ठरवायचं असतं. मेकॅनिक्समध्ये लामीचं प्रमेय लागतं ते एका बिंदूतून जाणारी तीनच बलं समतोलात असतील तेव्हा. चौथं बल आलं की ते चालत नाही. म्हणून प्रकार ओळखीचे झाले की गणितं मिसळून सोडव. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिही, डबीत टाक, हाताला येईल ती उचल. कधी कधी पूर्ण सोडवूही नकोस. कोणती पद्धत आणि का, एवढं एका ओळीत लिही आणि पुढची चिठ्ठी घे. मेकॅनिक्समध्ये नुसत्या फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृत्या, काढायचा एक दिवस ठेव. पंधरा प्रश्न, पंधरा आकृत्या, उत्तर एकाचंही नाही. त्या विषयात गुण जातात ते बहुतेक आकृतीतच. प्रतिक्रिया बल दाखवायचं राहतं, घर्षणाची दिशा उलटी होते, आणि मग पुढची दोन पानं बरोबर सोडवूनही उपयोग होत नाही.

व्हिडिओंबद्दल. "वन शॉट", म्हणजे अख्खं प्रकरण एकाच व्हिडिओत उरकणारे, बघायला हरकत नाही, पण दुसऱ्यानं सोडवलेलं गणित बघणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणाऱ्यांना बघणं. व्हिडिओ सुरू केल्यावर प्रश्न दिसला की थांबव, स्वतः सोडव, अडलीस तर तेवढाच तुकडा बघ.

मराठी माध्यमाचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. अडचण खरी आहे. अकरावीत एकदम इंग्रजीतून विज्ञान आलं, ते तू कसंबसं सांभाळलंस, आणि आता सर भरभर इंग्रजीत बोलतात. पण यातून मुलं जो मार्ग काढतात तो चुकतो. इंग्रजी वाक्यं न समजता पाठ करायची, म्हणजे समजणंही गेलं आणि इंग्रजीही आली नाही. समजून घेताना मराठीच वापर. मोमेंट म्हणजे काय, बल आणि लंबांतर यांचा गुणाकार का घ्यायचा, हे मैत्रिणीला मराठीत समजावून सांगता आलं तर तुला ते समजलं. संज्ञा इंग्रजीच ठेव, वाक्य मराठी असू दे. त्यानंतर तेच सोप्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, तुझ्या शब्दांत लिही. व्याकरण चुकलं तरी गणिताच्या पेपरात त्यानं फारसं बिघडत नाही. शासनाच्या भाषा संचालनालयानं भौतिकशास्त्र, गणित अशा विषयांचे परिभाषा कोश काढलेले आहेत, आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं इंजिनिअरिंगची पाठ्यपुस्तकं मराठीतही आणली आहेत, ती त्यांच्या ई-कुंभ पोर्टलवर आहेत. एखादी संकल्पना इंग्रजीत तीनदा वाचूनही डोक्यात शिरली नाही, तर आधी मराठी पुस्तकातलं ते प्रकरण वाच. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

आणि हे एकटीनं करू नकोस. दोघी-तिघी जणी ठरवून आठवड्यातून एकदा बसा. प्रत्येकीनं एक गणित फळ्यावर किंवा कागदावर बाकीच्यांना शिकवायचं, बाकीच्यांनी "हे इथे का?" असं विचारायचं. रूममेटलाही बोलाव. एकत्र बसून आपापल्या नोट्स वाचत राहणं याला मात्र मी गटानं अभ्यास म्हणणार नाही.

आता तू विचारलेले पर्याय. लेक्चर बंद करू नकोस. क्रेडिट पद्धतीत थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरचे 15 तास धरतात. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे 45 तास एक जाणकार माणूस तुझ्यासमोर उभा असतो आणि त्याला थांबवून विचारायची मुभा तुला असते. उपस्थितीची अट आहे ती वेगळीच. एखादे सर नुसते पीपीटी वाचत असतील, तसं होतं, मला माहीत आहे. तरीही तिथे बसून पुढचं उदाहरण आपण आधी सोडवायचा प्रयत्न करता येतो. लेक्चर सुटल्यावर एक नेमका प्रश्न विचार. "सर, समजलं नाही" असं म्हणू नकोस. "सर, तिसऱ्या ओळीत हे चिन्ह का बदललं?" असं विचार. असा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक सहसा परत पाठवत नाहीत. तुमच्या वर्गाला मेंटर असतील, पुण्यात काही कॉलेजांत त्यांना जीएफएम म्हणतात. त्यांनाही निकाल घेऊन भेट. विषय राहिलेली तू वर्गातली एकटी नाहीस, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

सबमिशनच्या आठवड्यात जर्नल आणि असाइनमेंट उतरवण्यात जे तास जातात ते अभ्यासात धरू नकोस. ते काम आहे, करावंच लागतं. निदान एवढं कर, असाइनमेंटमधली दोन गणितं दुसऱ्याची वही बघण्याआधी स्वतः करून बघ.

क्लासच्या मी विरोधात नाही. क्लास नियमित चाचण्या घेत असेल, तपासून देत असेल, तर तुला जे हवं आहे तेच तो देतो. पण नुसत्या छापील नोट्स आणि पेपरात येणारे प्रश्न सांगणारा क्लास असेल, तर पैसे देऊन पुन्हा वाचणंच विकत घेशील. आधी सहा आठवडे वर सांगितलेलं कर. तरी एम-वन हललं नाही तर फक्त एम-वनसाठी क्लास लाव, आणि लावण्याआधी तिथल्या मुलांना विचार की चाचणी किती दिवसांनी होते आणि पेपर तपासून परत मिळतो का. कमवा आणि शिका योजना तुमच्या कॉलेजात आहे का तेही बघ. फीचा थोडा भार त्यातून निघू शकेल, पण रोजचे तास त्यात जातात, म्हणून विषय राहिलेल्या सेमिस्टरला तिची घाई करू नकोस.

बीएला जावंसं वाटण्यात गैर काही नाही, इतिहासाची किंवा मराठीची खरी ओढ असेल तर. तुझ्या पत्रात मला ती दिसली नाही, पळून जावंसं वाटणं दिसलं. बीएलाही हाच प्रश्न समोर येईल. तिथेही पुस्तक मिटून पंधरा गुणांच्या उत्तराचे मुद्दे आठवून लिहावे लागतात. मेडिकलच्या मुलांना ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत, कॉमर्सच्या मुलांना अकाउंट्समध्ये हेच भोगावं लागतं. या सदराला त्यांचीही पत्रं येतात आणि माझं उत्तर फारसं वेगळं नसतं. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल हातात आल्याशिवाय शाखा सोडण्याचा निर्णय घेऊ नकोस.

"सगळं सोडून जावं" हे मनात किती खोल आहे ते मला पत्रातून कळत नाही, म्हणून विचारते. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर अभ्यासाची पद्धत नंतर. आधी कुणाशी तरी बोल. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या नंबरवर आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

राहिले बाबा. त्यांना सांग. गावातल्या कुणाच्या तरी मुलाकडून, पुण्यातल्या कुणा ओळखीच्याकडून त्यांना कळण्याआधी तू सांग. फोनवर नको, शक्य असेल तर घरी जाऊन, आईही बसलेली असताना. दोन विषय राहिलेत, ते पुन्हा देता येतात, पुढचे सहा आठवडे मी हे करणार आहे, आणि आत्ता मला पैसे नकोत. एवढंच. सोयाबीनच्या वर्षात त्यांना काळजी वाटणारच, ती तू थांबवू शकणार नाहीस. पण पाऊस गेल्यावर दुबार पेरणी करणारा माणूस दोन विषय पुन्हा देणं म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा चांगलं समजू शकेल असं मला वाटतं. ते रागावले तरी ऐकून घे. रात्री पुन्हा बोलतील.

आणि गावी जाण्याआधी एक काम या आठवड्यातच कर. दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या छायांकित प्रतींसाठी अर्ज कर. गुण वाढण्याच्या आशेनं नाही. प्रत हातात आली की कुठल्या पायरीला गुण गेले, कुठला प्रश्न सोडून दिलास, कुठे आकृतीच चुकली, ते पेनानं खूण करून बघ. पहिल्या रविवारचे प्रश्न त्यातूनच निघतील. अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, तेव्हा उद्या सकाळी कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन तारीख विचार. त्याच खिडकीवर पुढच्या वर्षाला जाण्यासाठी किती विषय राहिलेले चालतात तेही विचार. हे नियम विद्यापीठागणिक आणि पॅटर्नगणिक बदलतात, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस. परिपत्रक स्वतः वाच.